किल्ली नसलेल्या गाडीची किल्ली

जुनी गाडी द्यायची आणि तीच गाडी नवी घ्यायची, एवढाच साधा निर्णय त्या घरात झाला होता. कंपनी तीच, नाव तेच, छोटेखानी आकारही म्हणे तोच. फक्त रूप नवं. यात बिघडण्यासारखं आहे काय, असं मास्टरांना वाटलं आणि ते 'हो' म्हणून मोकळे झाले. (बायकोला ते जेव्हा जेव्हा पटकन 'हो' म्हणाले आहेत, तेव्हा तेव्हा पुढे डोक्याला हात लावून बसले आहेत. पण चहा पिताना माणूस सावध नसतो.)

मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत. बाजाराच्या गल्लीत त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे आणि 'मास्टर की'वरून सगळी गल्ली त्यांना मास्टर म्हणते. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मास्टरांना बाहेर यावं लागतं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, कोपऱ्यात किल्ल्या घासायचं मशीन आणि वर दारावर वडिलांच्या हातची पाटी: 'येथे उघडत नाही असे काही नाही.' पाटी वडिलांनी रंगवली आणि मास्टरांनी बसवली. तेव्हा ते ऐन विशीत होते. वडील खालून "पुरे, पुरे" म्हणत असताना त्यांनी एकेक स्क्रू जीव खाऊन आवळला होता. वडील गेले, दुकानाचा रंग कितीदा बदलला, पण पाटी जागची हलली नाही. मास्टरांच्या लेखी घरात देव होता तो एवढाच.

दुकानाच्या वरच त्यांचं घर. बायको नर्स. नुकतीच ती मेट्रन झाली होती आणि गावाबाहेरच्या नव्या हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती, म्हणून नव्या गाडीचं निघालं. गाडी चालवायची ती. मास्टर फक्त किल्ली फिरवायचे. हा त्या घरचा जुना रिवाज होता. सकाळी ती केस बांधत असायची तोवर मास्टर खाली जाऊन गाडीत बसायचे, किल्ली घालायचे, कान देऊन हलकेच फिरवायचे आणि इंजिन गुरगुरायला लागलं की मान डोलवायचे. मग ती यायची, हे उतरायचे, ती बसायची. "चालू आहे," हे सांगायचे. "ऐकू येतंय," ती म्हणायची. वर्षानुवर्षं त्यांच्या दिवसाची सुरुवात अशी होत आली होती.

शोरूममध्ये नवी गाडी मास्टरांनी पहिल्यांदा पाहिली ती लांबून, हात पाठीमागे बांधून. जुनी गाडी चेहऱ्याने भोळी होती. गोल दिवे, जरासं उघडं तोंड. समोरून येणाऱ्याला वाटावं, ही आता पत्ता विचारणार. नवीने डोळे बारीक केले होते आणि जबडा पुढे काढला होता.

"हिला राग कशाचा आलाय?" मास्टरांनी विचारलं.

"सर, हा अ‍ॅग्रेसिव्ह लूक आहे," विक्रीवाली मुलगी म्हणाली. तिच्या गळ्यात कंपनीचा टाय होता आणि चेहऱ्यावर कंपनीचं हसू होतं.

"एवढीशी गाडी, ती कोणाच्या अंगावर जाणार?"

"एवढीशी नाही सर. आधीपेक्षा लांबी वाढली, रुंदी वाढली, उंचीही वाढली."

"मग छोटी गाडी का म्हणता हिला?"

"सेगमेंट तोच आहे ना, सर."

मास्टरांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. लग्नापासून त्यांचाही सेगमेंट तोच होता.

तोवर बायकोने डिकी उघडून आत वाकून पाहिलं, मागच्या सीटवर बसून गुडघे पुढे लागतात का ते पाहिलं, आरसे हलवून पाहिले. गोळ्यांची वेळ ठरवावी तशा गंभीरपणे ती एकेक गोष्ट तपासत होती. मास्टरांनी दार उघडून लावलं. 'धप्' असा भरीव, घट्ट आवाज आला. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आवाज त्यांना फार आवडला. (हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.)

"आत बसून बघा ना, सर."

मास्टरांनी नुसतं डोकं आत घातलं. डॅशबोर्डवरची सगळी बटणं नाहीशी झाली होती. फिरवायचं, दाबायचं, खेचायचं असं काही उरलंच नव्हतं. मधोमध एक काळी काच होती.

"गार हवा कुठून सोडायची?"

"स्क्रीनवरून, सर. आधी इथे टच, मग इथे, मग बोट असं सरकवायचं."

"तोवर घाम पुसायची सोय कुठे आहे?"

"अहो!" बायको म्हणाली.

"आणि हँडब्रेक? तो तरी?"

मुलीने करंगळीएवढ्या बटणाकडे बोट दाखवलं. जुन्या गाडीचा हँडब्रेक खेचला की गाडी थांबली असं अंगाला कळायचं. बटणाला काय, ते दारावरच्या घंटीलाही असतं. मास्टरांनी नाक मुरडलं आणि मनात राखून ठेवलेला शेवटचा प्रश्न विचारला.

"किल्ली दाखवा."

"किल्लीची गरजच नाही, सर!" मुलगी आनंदाने म्हणाली आणि तिने त्यांच्या तळहातावर एक काळा, गुळगुळीत गोटा ठेवला. वापरून झिजलेल्या साबणासारखा. मास्टरांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"याला दात नाहीत."

"नाहीत, सर. हा नुसता जवळ असला की गाडी आपल्याला ओळखते. बटण दाबलं की सुरू. आपण लांब गेलो की तिला कळतं आणि ती स्वतःच कुलूप लावून घेते."

"स्वतःच?"

"स्वतःच."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही, सर!"

हे त्या बिचारीने कौतुकाने सांगितलं होतं. पण ज्याच्या बापाने आणि ज्याने स्वतः आयुष्यभर किल्ल्या घासल्या, त्याला भर शोरूममध्ये 'तुम्ही काहीच करायचं नाही' असं सांगितल्यावर तो काय पेढ्यासारखा विरघळणार? मास्टर दाराशी वाकले. हँडलच्या आसपास बोट फिरवलं. सगळं सपाट, चकचकीत.

"किल्लीचं भोकसुद्धा नाही!"

"सर, तसं ते—"

"नको! पुढचं ऐकायचंच नाही मला," असं म्हणत मास्टर पाय आपटत शोरूमबाहेर गेले. काचेचं दार आपोआप उघडलं, त्यामुळे त्यांना ते आपटताही आलं नाही. बायको आत थांबली. तिने त्या मुलीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, एक फेरी मारून पाहिली आणि गाडी ठरवून टाकली.

संध्याकाळी मास्टर दुकानाच्या पायरीवर उभे राहून गल्लीला नव्या गाडीची पहिली छाप सांगत होते. समोरच्या दुकानातला स्क्रीनवाला दाराला टेकून ऐकत होता. हा मोबाइलवर काचा चिकटवायचा धंदा करतो, म्हणून गल्लीत स्क्रीनवाला. वयाने बराच लहान, तोंडाने नाही.

"जमाना बदलला, मास्टर. किल्ल्या संपल्या आता."

"कोण म्हणतो संपल्या?"

"माझी स्कूटरच बघा की. फोन दाखवला की सुरू. किल्ली कशी दिसते तेसुद्धा विसरलो."

मास्टरांची कानशिलं तापली. त्यांनी हात वर केला, पाटीकडे बोट दाखवलं आणि पूर्ण आवाजात सांगितलं, "ऐकून ठेव. किल्ली नसलेल्या वाहनात हा माणूस कधी बसला, तर ही पाटी तो स्वतःच्या हाताने खाली उतरवेल!"

"वाहनात म्हणालात बरं का!" स्क्रीनवाल्याने लगेच गल्लीला साक्षीला धरलं. शिवणकाम करणारी बाई, चपलांचा दुकानदार, सगळ्यांनी माना हलवल्या. वरच्या खिडकीतून बायकोने हे ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

गाडी आली ती दुकानासमोर उभी राहिली. बायको ती शोरूममधून चालवत घेऊन आली आणि मास्टर मागून सायकलवर आले. त्यानंतर रोज सकाळी ती खाली यायची, गाडीत बसायची, बटण दाबायची आणि हात बसावा म्हणून एक चक्कर मारून यायची. गाडी सुरू झाली की नाही हे कळायचंसुद्धा नाही, एवढी ती गप्प. 'चालू आहे' म्हणायला कोणी लागत नव्हतं. मास्टर दुकानात उगाच मशीन चालू करून बसायचे. आपल्याला राग आला आहे, असं ते स्वतःला सांगत होते. पण राग नव्हता तो. त्यांना वाईट वाटलं होतं.

आणि वाईट वाटलं की मास्टर काहीतरी घडवायला घेतात.

अर्धं शटर पाडून त्यांनी कामाला सुरुवात केली. पितळेचा जाड पत्रा कापला, वाकवला, कडा जोडल्या, घासून आरशासारखा केला. त्यातून तयार झाली एक डबी, दोन्ही काळे गोटे नीट बसतील एवढी. डबीला त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं एक चिमुकलं कुलूप बसवलं. झाकण दाबलं की 'टक्' करून आपोआप लागायचं. उघडायला मात्र किल्लीच हवी. कुलूप असं इरसाल, की कोणी तार घालून खेळ केला तर आतली खिट्टी आणखी घट्ट बसावी. आणि त्या कुलपाला किल्ली: नखाएवढी, पितळी, नाजूक आणि दातांनी भरलेली. विचार अगदी सरळ होता. गोट्याशिवाय गाडी नाही, डबीशिवाय गोटा नाही आणि किल्लीशिवाय डबी नाही. म्हणजे गाडीला किल्ली आहे! कुठल्याही कोर्टात टिकेल असा मुद्दा होता.

नव्या हॉस्पिटलात रुजू व्हायचा दिवस उजाडला. बायकोने कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख घातला, पर्स आणि डबा मागच्या सीटवर ठेवायला ती खाली आली, तर गाडीपाशी मास्टर नवा शर्ट घालून उभे. हातात पितळी डबी. पायरीवर स्क्रीनवाला, शिवणवाली बाई, चपलांचा दुकानदार. (बोलावलं मास्टरांनीच होतं. मुद्दा सिद्ध करायचा तर बघायला माणसं नकोत?)

"हे काय आता?" बायकोने विचारलं.

"गाडीची किल्ली," मास्टर म्हणाले आणि त्यांनी ती नखाएवढी किल्ली उंच धरली. डबी उघडली. गोटे उजेडात येताच गाडीने आरसे पसरले, दिवे मिचकावले. मास्टर रुबाबात चालकाच्या जागेवर बसले, चिमुकली किल्ली समोरच्या खाचेत ठेवली आणि बटण दाबलं. गाडी सुरू झाली. सीट मऊ होती, पाठीला छान आधार होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बसले!" स्क्रीनवाला ओरडला. "पाटी उतरवा!"

"किल्ली लावून बसलोय!" मास्टर आतून गरजले. त्यांनी गाडी बंद केली, आता सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांगावं म्हणून बाहेर आले, दोन्ही गोटे डबीत ठेवले आणि सगळ्यांना दिसेल असं झाकण दाबलं. 'टक्.' बायकोने पर्स आणि डबा मागे ठेवून दार लावलं. 'धप्.'

"तर ही झाली डबी," मास्टर व्याख्यानाला लागले. "आता हिला उघडायचं तर काय लागेल? किल्ली. आणि किल्ली कुठे आहे?"

मागून 'खट्' असा आवाज आला. गाडीने आरसे मिटून घेतले.

कोणाच्या काही लक्षात येईना. आलं ते बायकोच्या. "पितळ," ती म्हणाली. "अहो, तुम्ही ते गोटे जाड पितळेत कोंडलेत. गाडीला वाटलं आपण सगळे निघून गेलो. तिने कुलूप लावलं."

"निघून कसे गेलो? समोर तर उभे आहोत!"

"तिला दिसतंय होय?"

मास्टरांनी काचेतून आत पाहिलं. समोरच्या खाचेत नखाएवढी किल्ली सकाळच्या उन्हात चमकत होती. गाडी उघडायला डबीतले गोटे हवेत आणि डबी उघडायला गाडीतली किल्ली.

"दुसरा गोटा कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"डबीत."

"दोन्ही डबीत?"

"डुप्लिकेट किल्ली कधी मोकळी सोडू नये," मास्टर क्षीण आवाजात म्हणाले. "बाबांचा नियम आहे."

बायकोने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती घड्याळाकडे बघत राहिली. मास्टर दुकानात शिरले, हत्यारांची पेटी आणली आणि स्वतःच्या कुलपाशी झुंजायला बसले. तार घातली, खिट्टी घट्ट झाली. दुसरी घातली, आणखी घट्ट झाली. कुलूप खरंच फार चांगलं झालं होतं.

"मास्टर," स्क्रीनवाला गोड आवाजात म्हणाला, "वर पाटीवर काय लिहिलंय हो? मला नीट लागत नाही."

"कापा ती डबी," बायको म्हणाली.

"माझ्या हातची डबी? कापू? हरलो म्हणून सांगू याला? मुळीच नाही!"

"मग गाडी उघडा."

"कशी उघडू? भोक नाही तिला!"

"आहे."

मास्टरांची तार हवेतच थांबली.

"हँडलच्या टोकाला टोपी आहे बघा. ती काढली की आत भोक आहे. बॅटरी संपली तर म्हणून. आणि त्या गोट्याच्या पोटात एक खरी किल्लीही आहे, मागची कळ दाबली की निघते. शोरूममध्ये ती मुलगी तेच सांगत होती. तुम्ही तेव्हा पाय आपटत बाहेर गेला होतात."

"दात असलेली किल्ली?"

"दात असलेली."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? गाडीचं नाव काढलं की मशीन सुरू करत होतात."

मास्टरांनी टोपी काढली. आत, धुळीचा कणही नसलेलं, कोवळं, कोरं करकरीत किल्लीचं भोक होतं. एवढ्या फजितीतही त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तार घातली, कान लावला, श्वास धरला. आत काहीतरी हळूच सरकलं, आणि दार उघडलं.

त्याबरोबर गाडीने अशी बोंब ठोकली, की पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली. त्या गोंधळात मास्टर आत झेपावले, चिमुकली किल्ली घेतली, डबी उघडली, गोटे बाहेर काढले. बोंब थांबली. चपलांच्या दुकानदाराने टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" मास्टर स्क्रीनवाल्याला म्हणाले. "किल्ली आहे हिला! भोकही आहे! किल्ल्या संपल्या म्हणे!"

"सरका," बायको म्हणाली. ती बसली, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. मास्टर खिडकीशी वाकले. इतक्या दिवसांनी त्यांना ते म्हणायला मिळत होतं.

"चालू आहे."

"ऐकू येत नाहीये, पण चालू आहे," बायको म्हणाली आणि उशीर झालेला असूनही जराशी हसली.

त्या हसण्याने घात केला. मास्टरांचा ऊर भरून आला. त्यांनी नखाएवढी पितळी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि "घे, गाडीची किल्ली," असं भारावून सांगितलं. आणि काम झालेली चीज डबीत परत ठेवायची, ही जन्माची सवय असल्यामुळे दोन्ही गोटे डबीत ठेवून झाकण दाबलं. 'टक्.' गाडी पीं पीं करत होती, पण ती पट्ट्यासाठीही करायची, दारासाठीही करायची, तिच्याकडे कोण लक्ष देणार? बायको निघून गेली.

मास्टर दिवसभर छाती काढून बसायच्या बेतात होते. पहिल्या गिऱ्हाइकाची किल्ली मशीनला लावतात तोच फोन वाजला. पलीकडे इतक्या जोरात हॉर्न वाजत होता, की बायकोचा आवाज अर्धा त्यातच बुडाला.

"अहो, हॉस्पिटलच्या फाटकात आहे मी. वॉचमनला विचारायला म्हणून गाडी थांबवली आणि हाताच्या सवयीने बंद केली. आता सुरू होत नाही. 'किल्ली सापडत नाही' असं स्क्रीनवर येतंय. मागे अ‍ॅम्ब्युलन्स उभी आहे. गोटे कुठे आहेत?"

मास्टरांनी खिशाला हात लावला. पितळ गार लागलं.

"डबी माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

"आणि डबीची किल्ली माझ्याकडे," बायको म्हणाली. "या आता. ढकलायला माणसं बोलावली होती, चाकंसुद्धा हलत नाहीत. तो हँडब्रेकही त्या बटणातच आहे, गाडी सुरू झाल्याशिवाय सुटत नाही."

मास्टर रस्त्यावर आले. सायकलने जायचं तर गाव ओलांडायचं होतं. रिकामं वाहन एकही दिसेना. समोर स्क्रीनवाला आपल्या स्कूटरवर बसला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही, मास्टरांचा चेहराच पुरेसा होता.

"बसा," तो म्हणाला.

मास्टरांनी स्कूटरकडे पाहिलं. किल्लीची जागा कोरी होती. त्यांनी वर पाटीकडे पाहिलं. वडिलांनी 'उघडत'मधला उ काढताना जरा जास्तच मोठा काढला होता, तो त्यांना आज पहिल्यांदा दिसला. शिवणवाली बाई सुई हातात धरून बघत होती. पण तिकडे ती पहिल्याच दिवशी, कडक इस्त्रीत, सगळ्या हॉस्पिटलासमोर फाटकात अडकून उभी होती. ती यांच्यामुळे, आणि मागे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कोणीतरी माणूस होता. मास्टरांनी डबी पोटाशी धरली आणि मागे बसले.

"वाहनात म्हणाला होतात," स्क्रीनवाला फोन दाखवून स्कूटर सुरू करत म्हणाला.

"बघून चालव," मास्टर म्हणाले.

फाटकात ही गर्दी. मास्टर स्कूटरवरून उतरून धावले, बायकोने खिडकीतून हात बाहेर काढला, तिच्या हातातल्या किल्लीने यांच्या हातातली डबी उघडली. गाडी सुरू झाली, बाजूला झाली, अ‍ॅम्ब्युलन्स आत गेली. (आत पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा होते. ते उठून बसून सगळी गंमत बघत होते.) नव्या मेट्रन कोण, हे त्या दिवशी हॉस्पिटलात कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

"कशाने आलात?" बायकोने विचारलं.

मास्टरांनी मागे बोट दाखवलं. ती स्कूटरकडे बघत राहिली, मग यांच्याकडे. तिला शपथ माहीत होती.

"संध्याकाळी न्यायला या," ती म्हणाली. "गाडी तुम्हीच सुरू करा."

तेव्हापासून सकाळी बटण मास्टर दाबतात. गोटे बायकोच्या पर्समध्ये असतात आणि पितळी डबीत तिच्या सेफ्टी पिना. पण पाटीचा प्रश्न राहिलाच. स्क्रीनवाला काही विसरणाऱ्यातला नव्हता.

"मास्टर, शब्द म्हणजे शब्द."

"अरे, मी कुठे नाही म्हणतोय?" मास्टर म्हणतात आणि भर गल्लीत स्टूल लावून वर चढतात. स्क्रूड्रायव्हर लावतात, दातओठ खातात, लालबुंद होतात, खाली उतरतात. "निघत नाही. फार पक्के बसलेत स्क्रू. मीच बसवलेत ना."

असे कितीतरी दिवस गेले. परवा रविवारी स्क्रीनवाल्याच्या डोक्यात अखेर प्रकाश पडला.

"थांबा, थांबा. 'येथे उघडत नाही असे काही नाही' ही पाटी तुम्ही खाली काढत नाही, का? तर तिचे स्क्रू तुम्हाला उघडत नाहीत!"

गल्ली हसायला लागली. मास्टर स्टुलावर ताठ उभे राहिले. "पाटीवर 'येथे' लिहिलंय," ते म्हणाले. "येथे म्हणजे दुकानात. पाटी दुकानाच्या बाहेर आहे. दुकानात आजवर न उघडलेलं असं काही दाखव, आत्ता—"

"अहो!" वरच्या खिडकीतून बायकोची हाक आली. "जरा वर येता का? बरणीचं झाकण उघडत नाहीये."

मास्टरांनी विजयी मुद्रेने स्क्रीनवाल्याकडे पाहिलं. सावकाश स्टुलावरून उतरले, बाह्या वर केल्या आणि सगळी गल्ली बघत असताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"राहू द्या," बायको वरून म्हणाली. "उघडलं माझं मीच."